फुल फ्रेम, अर्धी फ्रेम आणि अक्काच्या पाटल्या

या सदराच्या पत्त्यावर वर्षभरात जी पत्रे येतात त्यांचा मी एक गठ्ठा बांधून ठेवतो आणि दिवाळी अंकाच्या आधी तो सोडून बसतो. यंदा त्यात एक नवाच विषय निघाला. मुलामुलींच्या लग्नाविषयी पत्रे कमी आणि कॅमेऱ्याविषयी जास्त! 'सेन्सर मोठा घ्यावा की लहान?', 'अमुक कंपनी बुडणार असे ऐकतो, खरे का?' असे प्रश्न सेवानिवृत्त गृहस्थ विचारतात, कॉलेजातली मुले विचारतात, आणि एका बाईंनी तर यजमानांना पाडव्याला भेट द्यावयाची आहे, तेव्हा त्यांना न कळू देता उत्तर पाठवावे, अशी विनंती केली आहे. बाई, उत्तर या अंकात छापावे लागत असल्यामुळे ते यजमानांच्याही हाती पडणारच. त्याला माझा नाइलाज आहे.

प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहीत बसण्यापेक्षा आमच्या केडगावच्या घरी या प्रश्नाचा जो काथ्याकूट झाला तोच सांगतो. केडगाव म्हणजे नगरजवळचे नव्हे, दौंड तालुक्यातले. पुण्याहून दौंडकडे निघालेली गाडी यवत, खुटबाव करीत जिथे येते ते. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले ते याच गावी आणि १९२२ साली त्यांनी देह ठेवला तोही इथेच. नारायण महाराजांचे बेटही इथलेच. माझी थोरली बहीण, आमची अक्का, इथे दिली. दाजी रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. त्यांचा धाकटा मुलगा लग्नाचे, बारशाचे, वास्तुशांतीचे फोटो काढतो. आजवर त्याचे काम एका जुन्या डीएसएलआरवर चालले होते. त्याचे शटर आता आचके देऊ लागले. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होणार; त्याच्या आत नवा कॅमेरा पाहिजे.

भाच्याचा हिशोब लेन्ससकट अडीच लाखांवर गेला होता. त्याच्या गाठीला लाख, सव्वा लाख. उरलेल्यासाठी अक्काने आपल्या पाटल्या काढून ठेवल्या होत्या. पतसंस्थेत ठेवायच्या, कर्ज उचलायचे आणि हंगामभरात फेडायचे. "सोने काय, पेटीत पडून असते," असे ती म्हणाली खरी. पण म्हणताना उजव्या हाताने डावे मनगट चोळत होती. दाजी काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत की घरात सगळ्यांना कळते.

"मामा, घ्यायचा तर फुल फ्रेमच घ्यायचा. अर्ध्यामुर्ध्या सेन्सरवर पैसे घालायचे कशाला?" हे भाच्याचे म्हणणे.

आता हा 'फुल' शब्दच आधी तपासून घेऊ. हा सेन्सर छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा असतो. हे माप काही ब्रह्मदेवाने घातलेले नाही. ऑस्कर बर्नाक नावाच्या जर्मन गृहस्थाने सिनेमाची फिल्म आडवी चालवून, सिनेमाच्या दोन चौकटींची एक चौकट करून छोटा कॅमेरा तयार केला. तोच १९२५ साली 'लायका' या नावाने बाजारात आला. त्या काळचे काचेच्या प्लेटा वापरणारे छायाचित्रकार या चौकटीला 'मिनिएचर' म्हणत, म्हणजे चिटुकली! शंभर वर्षांपूर्वीची चिटुकली आज 'पूर्ण' म्हणून मिरवते आहे. तिच्याखालचा एपीएस-सी सेन्सर साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा. कॅननचा त्याहून किंचित लहान. हे नाव १९९६ साली निघालेल्या आणि काही वर्षांतच गुंडाळलेल्या एका फिल्मचे. फिल्म गेली, नाव राहिले. त्याखाली मायक्रो फोर थर्ड्स, सव्वासतरा बाय तेरा. आणि 'एक इंची' म्हणून जो विकतात तो तर कुठल्याही बाजूने इंचभर नाही! १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे कर्णसुद्धा सोळा मिलिमीटरच्या आत. जुन्या काळी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असे, त्या नळीच्या बाहेरच्या जाडीवरून ही इंचाची मापे पडली. नळ्या गेल्या तरी ती चालूच आहेत. १९५६ साली वजनमापांचा कायदा होऊन मेट्रिक पद्धत येईपर्यंत आपल्याकडे पेठेपेठेचा शेर वेगळा असे, तशातलीच ही गत. म्हणून दुकानात गेल्यावर नाव विचारू नये, मिलिमीटर विचारावेत.

मोठ्या सेन्सरचा फायदा नेमका काय, हे दाजींनी मला विचारले. दाजींकडे परसात पर्जन्यमापक आहे. नोंदी ठेवण्याची रेल्वेतली सवय. मी म्हटले, "दाजी, अंगणात एक परात ठेवा आणि शेजारी एक वाटी, दोन्ही सरळ काठांच्या. पाऊस वीस मिलिमीटर पडला, तर परातीत पाणी किती चढेल?"

"वीस मिलिमीटर. वाटीतही तेवढेच."

"आणि लिटर मोजले तर?"

"परातीत जास्त, हे काय सांगायला हवे?"

झाले, एवढेच शास्त्र आहे. उजेडाचे मिलिमीटर दोन्हीकडे सारखे. त्यामुळे फोटो सारखाच उजळ येतो. लिटर मात्र परातीत जास्त. आणि उजेडही पावसासारखाच थेंबाथेंबाने पडतो. जिथे दहाच थेंब पडायचे तिथे तीन इकडेतिकडे झाले, तर ते डोळ्यांत भरते. जिथे दहा हजार पडायचे तिथे शंभर कमीजास्त झाल्याचे कोणाला कळत नाही. अंधारातल्या फोटोत जो रवाळपणा दिसतो, ज्याला ही मुले 'नॉईज' म्हणतात, तो बहुतांशी हाच. फुल फ्रेमचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, एपीएस-सीचे सुमारे ३६५, मायक्रो फोर थर्ड्सचे २२५. म्हणजे फुल फ्रेमची परात पहिल्यापेक्षा जवळजवळ सव्वादोन पट आणि दुसऱ्यापेक्षा पावणेचार पट मोठी.

"मग मी म्हणतो ते खरेच की," भाचा म्हणाला.

खरे, पण अर्धे. परात केवढी हे जसे महत्त्वाचे, तसे आभाळ किती उघडले हेही महत्त्वाचे. आणि ते उघडणे लेन्सच्या हाती असते. जुन्या वाचकांना आगफाचा क्लिक थ्री आठवत असेल. बडोद्याच्या कारखान्यात होणारा तो काळा डबा. एका रोळात बारा फोटो. त्याची निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस म्हणत, म्हणजे आजच्या फुल फ्रेमच्या साडेतीन पटींहून मोठी. पण भिंग अगदी साधे. म्हणून आपल्या मुंजीच्या फोटोत मधला बटू ठीक दिसतो आणि कडेच्या आत्या धुक्यात गेलेल्या असतात. निगेटिव्हच्या आकाराने त्या आत्यांना काही वाचवले नाही.

तोंडी वादाने घरातली माणसे हट्टाला पेटतात, म्हणून आम्ही प्रयोग करावयाचे ठरवले. दौंडच्या एका मित्राकडून भाच्याने फुल फ्रेम आणला. त्याला कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स. दुसऱ्याकडून एपीएस-सी आणि त्यावर एफ १.४ ची लेन्स. मायक्रो फोर थर्ड्स माझा स्वतःचा, एफ २.८ च्या झूमसकट. तिन्ही घेऊन पहाटे पाचला आम्ही गावाबाहेरच्या एका गुऱ्हाळावर गेलो. ज्याने पहाटेचे गुऱ्हाळ पाहिले नाही त्याला उजेडाची टंचाई म्हणजे काय ते कळायचे नाही. चुलवाणात चिपाडे ढकलणारा जाळव्या तेवढा तांबडा उजळतो, काहिलीवर वाफेचा पडदा, आणि पलीकडे उभा असलेला गुळव्या, सावलीतून निघून सावलीत जाणारा. लग्नाच्या मांडवात रात्री दिवे गेले आणि जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटे लागली, की असेच दिसते.

शटरचा वेग तिघांनाही सारखा ठेवला. फुल फ्रेमची झूम लेन्स आम्हांला हव्या त्या अंतराला एफ ५.६ च्या पलीकडे उघडेना. त्यामुळे आयएसओ बारा हजार आठशेवर न्यावा लागला. एपीएस-सी एफ १.४ मुळे आठशेवर भागला. माझा बत्तीसशेवर. घरी येऊन बारा बाय अठरा इंचांचे तीन प्रिंट काढून आणले आणि पाठीवर खुणा करून अक्कापुढे मांडले. तिने चष्मा पुसला. एपीएस-सीचा प्रिंट तिने ताबडतोब उचलला: "हा चांगला. याच्यात गुळव्याच्या डोळ्यांतले पाणी दिसते." उरलेल्या दोहोंत तिला काही फरक सांगता येईना, पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिले तरी येईना. भाच्याचा चेहरा उतरला. परंतु यात नवल काहीच नव्हते. एफ ५.६ पासून एफ १.४ म्हणजे चार स्टॉप, सोळा पट उजेड. त्याला सव्वादोनाच्या वरच्या आकड्याने भागले तरी लहान परातीत पावणेसात पट पाणी पडले. आणि माझ्या एफ २.८ ला मिळाला चौपट उजेड. तो पावणेचार पटीने लहान परातीत पडला, तेव्हा हिशोब जवळजवळ बरोबरीतच सुटला.

भाचा मुळात हुशार. तो म्हणाला, "मामा, हा न्याय झाला नाही. फुल फ्रेमला पन्नास मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स स्वस्तात मिळते. ती लावली असती तर?" ती लावली असती तर फुल फ्रेम पुढे गेला असता, हे मला मान्य करावे लागले, आणि इथेही करतो. पण एका पन्नास मिलिमीटरवर लग्न निघत नाही. सप्तपदीच्या वेळी माणूस मांडवाच्या खांबाला पाठ लावून उभा असतो, मागे सरकायला जागा नसते. तिथे झूम पाहिजे, आणि अंधारात चालणारी पाहिजे. एफ २.८ ची झूम फुल फ्रेमसाठी घ्यायला गेले, तर एपीएस-सीच्या तशाच लेन्सच्या दुपटीहून जास्त पैसे पडतात, आणि वजन दिवसभर मानेला पडते ते वेगळेच. ती घेतली तर फुल फ्रेमची बरोबरी कोणी करणार नाही. ती घेण्याची ऐपत नसताना नुसती बॉडी घेणे म्हणजे चार घोड्यांची बग्गी आणून तिला एक शिंगरू जोडणे.

उजेड भरपूर असेल तिथे तर गणित उलटेही फिरते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौफुल्यावरून सुप्याकडे गेलो. तिथे १९९७ साली केलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. पाचेक चौरस किलोमीटरचा गवताळ माळ, चिंकाऱ्यांसाठी राखलेला. चिंकारा आपल्याला जवळ येऊ देत नाही. माझ्या लहान सेन्सरवर तीनशे मिलिमीटरची लेन्स सहाशेइतके जवळचे दाखवते, आणि हातात दीड किलोच्या आतबाहेरचे ओझे. फुल फ्रेमवर एफ ४ ची सहाशेची लेन्स म्हणजे तीन किलो आणि किंमत मोटारीच्या जवळपासची. सकाळी आठच्या उन्हात परात मोठी की लहान हे कोणी विचारत नाही. दोन्ही काठोकाठ भरतात. भिगवणला रोहित पाहायला जाणाऱ्या पुण्याच्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवले तरी त्यांचे खांदे दुवा देतील.

आता नावाचा प्रश्न. हा मात्र सेन्सरपेक्षा अवघड, कारण यात माणूस आकड्यांनी चालत नाही. दाजींचे मत सरळ होते: "मोठे नाव घ्यावे. मोठे घर पडत नाही." पिढ्यान्‌पिढ्या एकाच सराफाकडे जाणाऱ्या माणसाचे हे मत आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण कॅमेऱ्याच्या धंद्यात मोठ्या घरांनीही आपली मुले उघड्यावर टाकलेली आहेत. कोडॅकइतके मोठे नाव कोणते होते? त्यांच्याच प्रयोगशाळेत १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा झाला, आणि २०१२ साली तेच दिवाळखोरीच्या अर्जासह कोर्टात उभे. आपल्या सरकारने उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्स काढली, 'इंदू' नावाची फिल्म घरोघर गेली. ती आज नाही. कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेऱ्याचा धंदा सोडला आणि तो सोनीने घेतला. सॅमसंगने सुरेख मिररलेस कॅमेरे केले आणि काही वर्षांत गाजावाजा न करता गाशा गुंडाळला.

आणि कंपनी जगली म्हणून आपला कॅमेरा जगतो असेही नाही! निकॉनने २०११ साली 'निकॉन वन' काढला, २०१८ साली बंद केला. कॅननने 'ईओएस एम' २०१२ साली काढला, २०२३ साली संपवला. दोन्ही कंपन्या धडधाकट आहेत. त्या लेन्सा घेतलेली माणसे मात्र नव्या बॉडीची वाट पाहत बसली. त्याआधी १९८७ साली कॅननने जुने माउंट टाकून नवे आणले तेव्हाही लोक असेच चिडले होते. नव्या माउंटवर पुढची तीस वर्षे त्यांनी आनंदाने काढली ही गोष्ट वेगळी. उलट निकॉनने १९५९ सालचे एफ माउंट साठ वर्षे सांभाळले.

माझा कॅमेरा ऑलिम्पस घराण्यातला. २०२० च्या जूनमध्ये ऑलिम्पसने कॅमेऱ्याचा विभाग विकावयाचे जाहीर केले, तेव्हा चार स्नेह्यांनी मला फोन करून दुखवटा कळवला. २०२१ च्या पहिल्या तारखेपासून ते काम नव्या कंपनीकडे गेले, नाव 'ओएम सिस्टिम' झाले, आणि माझ्या लेन्सा होत्या तशा चालू आहेत. त्या वाचल्या त्या एका गोष्टीमुळे, असे मला वाटते: मायक्रो फोर थर्ड्सचे माउंट २००८ साली ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी मिळून काढले होते. सामाईक विहीर एका भावाने सोडली तरी बुजत नाही. म्हणून मी दाजींना म्हटले, कंपनीचे नाव शेवटी विचारा. आधी विचारा, या माउंटवर लेन्स करणारी घरे किती? सोनीच्या माउंटवर सिग्मा, टॅमरॉन पुष्कळ लेन्सा करतात. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ साली एकच माउंट वाटून घेतले. कॅननने आपल्या नव्या माउंटचे दार बरीच वर्षे लावून ठेवले होते. २०२४ साली ते एपीएस-सी लेन्सांपुरते सिग्मा-टॅमरॉनला किलकिले केले.

दुसरा प्रश्न त्याहून घरगुती: तुमच्या पंचक्रोशीत कोणाकडे काय आहे? केडगाव, पाटस, दौंड या पट्ट्यातले फोटोवाले दाट तिथीला एकमेकांच्या लेन्सा, बॅटऱ्या, चार्जर मागून नेतात. जो वेगळ्या माउंटचा कॅमेरा घेईल तो या बिरादरीतून बाहेर पडला. एचएमटीचे घड्याळ आठवा. घड्याळाचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला, तरी दौंडच्या बाजारात दाजींच्या मनगटावरचे एचएमटी आजही दुरुस्त होते. कारण ते सगळ्यांकडे होते.

तिसरी गोष्ट भाच्यानेच काढली आणि ती काढल्यावर सेन्सरचा वाद जवळजवळ मिटला. त्याच्या ओळखीच्या एका फोटोवाल्याचे कार्ड भर लग्नात बिघडले. अंतरपाटापासून कन्यादानापर्यंतचे काही उरले नाही. मुलीच्या वडिलांनी पैसे परत मागितले नाहीत. नुसते दाराशी येऊन बसले. ते ऐकून अक्का म्हणाली, "मग दोन कार्डांचा नाही का मिळत?" मिळतो. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर फोटो उतरवणारे कॅमेरे मिळतात. एपीएस-सीमध्येही मिळतात, पण सगळे तसे नसतात. फुजीचा एक्स-टी ५ आणि कॅननचा आर ७ यांना दोन खाचा आहेत, सोनीच्या ए ६७०० ला एकच. घरच्या सहलीसाठी एक खाच पुरे. दुसऱ्याच्या मुलीचे लग्न टिपणाऱ्याला ती पुरत नाही, मग सेन्सर पोळपाटाएवढा का असेना.

भाच्याने शेवटी दोन खाचांचा एपीएस-सी घेतला. कोणत्या कंपनीचा ते लिहीत नाही, नाहीतर संपादक मला जाहिरातीचा दर विचारतील. एफ २.८ ची झूम नवी आणि एफ १.४ ची लेन्स जुनी, पुण्यात पाहून घेतलेली. बॉडी आठदहा हजारांनी स्वस्त देणारा एक दुकानदार भेटला होता, पण कंपनीची भारतातली वॉरंटी आणि पक्के बिल द्यायला तयार नव्हता. दाजी त्याच्या दुकानातून पाणीसुद्धा न पिता उठले. जुनी लेन्स घेताना भाच्याने ती मोबाईलच्या बॅटरीपुढे तिरपी धरून आतून पाहिली. आपल्या पावसाळी हवेत भिंगाला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

हिशोब पावणेदोन लाखांत बसला. पाटली एकच ठेवावी लागली. दुसरी अक्काच्या हातात आहे. लेन्सांसाठी तिने आपला पापडांचा घट्ट झाकणाचा डबा दिला आहे. त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो तिने फडताळात, देवघरापासून लांब, वरच्या फळीवर ठेवला आहे. उदबत्तीचा धूर भिंगाला लागू नये म्हणून.